बोर्डावरची पावलं

घरात तिला ससुली म्हणत. कान मोठे होते म्हणून नव्हे, तिखट होते म्हणून. शेजारच्या घरात कुणी साखरेचा डबा उघडला तरी हिला कळायचं, आणि लहानपणी ती ते सांगूनही टाकायची. त्यापायी आईला शेजारणीसमोर बऱ्याचदा मान खाली घालावी लागली होती. पुढे ती शिकली, इंजिनियर झाली, केस पांढरे व्हायला लागले, ऑफिसात सगळे तिला मॅडम म्हणू लागले, तरी घरात ती ससुलीच राहिली. घर म्हणजे आता ती आणि आई, दोघीच.

तिचं काम कॉम्प्युटरच्या चिप तपासण्याचं. नखाएवढ्या चिपमध्ये अनेक कोअर असतात. कोअर म्हणजे काम करणारं एकेक डोकं म्हणा. काम नसलं की ही डोकी झोपवून ठेवतात, तेवढीच वीज वाचते; काम आलं की उठवतात. भानगड होते ती उठवताना. सगळी एकदम उठली की सगळ्यांना एकाच क्षणी वीज हवी असते, आणि तेवढी त्या क्षणी पोचत नाही. व्होल्टेज खाली बसतं, आणि जे कोअर आधीपासून जागं राहून मुकाट्याने राबत असतं, तेच बिचारं चुकतं. दिवसभरात एकूण वीज किती गेली, हा ससुलीच्या खात्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न त्या एका क्षणाचा होता. त्या क्षणापायी तारा जाड घ्याव्या लागतात, बॅटरी मोठी घ्यावी लागते, पंखे वाढवावे लागतात. तो क्षण चेपून सपाट करायचा, यातच तिची उमेदीची वर्षं गेली होती.

उपाय सांगायला सोपा: सगळ्यांना एकदम उठवू नका, एकामागून एक उठवा. करायला मात्र नाकी नऊ येतात. किती अंतराने उठवायचं, आधी कोण, मागून कोण, हे सगळं प्रत्यक्ष बघून ठरवावं लागतं. खरं तर हा खेळ डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो. पण प्रत्येक कोअर उठताना विजेचा किती मोठा घास घेतं, हे स्कोपच्या, म्हणजे विजेची रेघ काढून दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर सुटं दिसावं म्हणून ससुलीने एक संथ चाचणी लिहिली होती. तीत एक कोअर उठायचं, स्थिरावायचं, मग सावकाश दुसरं. सगळी उठली की चाचणी थांबायची.

ही चाचणी चालू असताना, एका दुपारी, सगळे जेवायला गेले होते. टेबलावर नुसता हिरवा बोर्ड, मधोमध चिप, आणि चिपवर फुंकर घालणारा पंखा. पंखा खडखडायला लागला म्हणून ससुलीने तो बंद केला आणि स्क्रू आवळायला हातात घेतला. खोलीत शांतता झाली. त्या शांततेत बोर्डातून आवाज आला.

ठक. घस्स. ठक. घस्स.

तिला नवल वाटलं नाही. चिपच्या भोवती मुंगीएवढे कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून धरणारे तुकडे, बसवलेले असतात. विजेचा धक्का बसला की ते अंग चोरतात आणि बारीकसा आवाज करतात. साध्या कानाला तो येत नाही, हिच्या कानाला येतो. ठक म्हणजे चिपच्या अलीकडच्या बाजूचं कोअर, झटकन उठणारं. घस्स म्हणजे पलीकडचं. तिथे वीज लांबून जाते, म्हणून ते उठताना मोठा घास घेतं आणि स्थिरावायला वेळ लावतं. एक अलीकडचं, एक पलीकडचं, असा तिनेच क्रम लावला होता. सगळं समजण्यासारखं होतं.

तरी तिच्या हातातला स्क्रू खाली पडला.

कारण ती चाल तिच्या ओळखीची होती. एक पाय टेकायचा, दुसरा ओढत यायचा. ठक, घस्स. मध्ये एक ठोका गाळला जायचा, जणू पाय पायरी ओलांडून वर पडला. मग पुन्हा ठक, घस्स. असं तिचा दादा जिना चढायचा.

दादा तिच्याहून बराच मोठा. तरणाताठा असताना एका बांधकामावरून पडला आणि त्याचा उजवा पाय कायमचा अधू झाला. ते तेव्हा वरच्या मजल्यावर भाड्याने राहत. लाकडी जिना, मधे एक वळण, आणि वळणाच्या खाली एक डुगडुगती पायरी. ती पायरी दादा नेहमी गाळायचा. कठडा धरून, चांगला पाय वरच्या पायरीवर टाकून, दुसरा मागून ओढून घ्यायचा. आई आत काही निवडत बसलेली असायची, तिथूनच म्हणायची, "आला बघ. दार काढ." आणि ससुली पळत जाऊन दार उघडायची. एके संध्याकाळी दादा टॉर्चचे सेल आणायला म्हणून खाली गेला आणि परत आला नाही. दवाखाने धुंडाळले, चौकीत खेटे घातले, नातेवाइकांना विचारून झालं. तो मेला असं कुणी सांगितलं नाही आणि जिवंत आहे असंही नाही. आई त्या घरातून हलायला तयार नव्हती. इमारत पाडायला काढली तेव्हा तिला अक्षरशः उचलून आणावं लागलं. जिना गेला, इमारतही गेली.

बोर्डातली पावलं वळणापर्यंत आली आणि थांबली. चिपमधली कोअर संपली होती.

ससुलीने चाचणी पुन्हा लावली. पुन्हा तेच. मग तिने स्वतःला फटकारलं, पंखा जागेवर बसवला आणि जेवायला गेली.

दुसऱ्या दिवशी तिने चष्मेवाल्याला बोलावलं. हा चिपची आखणी करणारा इंजिनियर. चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा खोलीभर शोधायची त्याला सवय होती, त्यावरून हे नाव. स्वभावाने मोकळा, भुताखेतांची थट्टा करणारा.

"मॅडम, कपॅसिटर आहेत, ते चिरकणारच. त्यात काय एवढं?"

"ते मला ठाऊक आहे रे. मध्ये एक ठोका गळतो, तो ऐक."

त्याने कान बोर्डाजवळ नेला. हिच्याइतका तिखट कान नसला तरी पंखा बंद असल्यावर त्यालाही ऐकू आलं. "हां, एक गळतोय. अहो, या नमुन्यात एक कोअर खराब आहे ना? आपणच ते बंद ठेवलंय. ते उठणारच नाही, मग ठोका कुठून येणार?"

ससुलीचा जीव भांड्यात पडला. हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. ती हसली, तोही हसला. आणि मग, खात्री करून घ्यावी एवढ्याचसाठी, तिने कपाटातून दुसरा बोर्ड काढला. या नमुन्यातली सगळी कोअर धडधाकट होती.

ठक. घस्स. ठक. घस्स. आणि त्याच जागी पोकळी.

दोघांनी स्कोपकडे पाहिलं. पडद्यावर एकही शिखर कमी नव्हतं. जिथे कानाला काही ऐकू आलं नाही, तिथेही विजेचा घास घेतलेला स्वच्छ दिसत होता. कोअर उठलं होतं. आवाज तेवढा झाला नव्हता.

चष्मेवाल्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "एखादा कपॅसिटर नीट चिकटलेला नसेल," तो म्हणाला. पण पुढची गंमत त्याने केली नाही, आणि त्यानंतर तो त्या खोलीत दार उघडं ठेवूनच बसू लागला.

ससुलीने तो आवाज फोनवर टिपून घेतला. बोर्डाचे आवाज असे टिपून ठेवणं तिच्या कामाचाच भाग होता. आईला ऐकवायचं असं तिच्या मनातही नव्हतं. आई आता थकली होती. लिफ्टच्या इमारतीतल्या आताच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसून असायची. ऐकायला जवळजवळ येतच नव्हतं. दाराची बेल वाजली तरी ढिम्म. टीव्हीचा आवाज एवढा मोठा ठेवायची, की ससुलीला कानात कापूस घालून बसावं लागे.

त्या रविवारी सकाळी ससुली स्वयंपाकघरात चहा करत होती. ओट्यावर फोन ठेवून तिने तो आवाज लावला, अगदी बारीक. तिला तपासायचं होतं, घरच्या उजेडात, दुधाच्या पातेल्याशेजारीही तो तसाच वाटतो का.

बाहेरच्या खोलीतून आई म्हणाली, "ससुले, दार काढ गं."

ससुलीने फोन झटकन बंद केला. बाहेर येऊन बघते तर आई उठून उभी. काठी न घेता. भिंतीला धरून दारापर्यंत गेली आणि तिने कडी काढली. बाहेरचा पॅसेज रिकामा होता. तिथला दिवा कुणी आलं-गेलं तरच लागायचा. तो विझलेलाच होता.

"कोणी नाही आई. ये, बस."

"वळणावर थांबलाय," आई म्हणाली. "दम खाऊ दे त्याला. घाई करू नकोस."

वळणाबद्दल ससुली आईशी अवाक्षर बोलली नव्हती. दादाचं नाव तर त्या घरात कित्येक वर्षांत कुणी काढलं नव्हतं. तिने आईला हाताला धरून खुर्चीत बसवलं, चहा दिला. पातेल्यातलं दूध उतू गेलं होतं, ते पुसत बसली. फोनमधला आवाज तिने त्याच दिवशी पुसून टाकला. उपयोग झाला नाही. त्यानंतर रोज ती ऑफिसातून आली की आईचा पहिला प्रश्न असायचा:

"चढला का वर?"

"नाही गं अजून," ससुली म्हणायची. काय बोलणार दुसरं!

इकडे ऑफिसात साहेब मागे लागले होते. साहेब म्हणजे खात्याचे प्रमुख. माणूस भला, पण पोटात घाई. नवीन चिप येणार होती, हिच्यापेक्षा कितीतरी जास्त कोअरची. "मॅडम, शिखर अजून उंच आहे. एकामागून एक उठवूनही ती पलीकडची कोअर जो घास घेतात ना, तो तसाच राहिलाय. जास्त कोअर झाली की आपलं काय होणार? काहीतरी काढा यातून."

त्यावरचा उपाय ससुलीला कधीपासून दिसत होता. पलीकडच्या कोअरचा विजेचा नळ एकदम पूर्ण उघडतो, म्हणून धसका बसतो. प्रत्येकाला दोन नळ द्यायचे, एक बारीक, एक मोठा. आधी बारीक सोडायचा, कोअर हळूहळू भरू द्यायचं, आणि भरल्यावर मोठा उघडायचा. मग अलीकडचं काय आणि पलीकडचं काय, सगळी सारखी उठतील. घसटणं बंद.

हे लिहून द्यायला तिला एका दुपारपेक्षा जास्त लागायचं कारण नव्हतं. पण रोज फाईल उघडायची, दोन ओळी लिहायची आणि पुसायची. चष्मेवाल्याच्या ते लक्षात आलं.

"मॅडम, अडलंय कुठे?"

"अडलं नाही रे. तो लंगडतो ना, ते जाईल."

कोण लंगडतो, हे चष्मेवाल्याने विचारलं नाही. तेवढी माणुसकी त्याच्यात होती. "पण मॅडम," तो म्हणाला, "लंगडणं गेलं तर वाईट काय?"

खरंच, वाईट काय? दादाचा पाय बरा व्हावा म्हणून आईने त्या काळी काय काय केलं नव्हतं! आपल्याला मात्र तो लंगडतच हवा, कारण तेवढीच खूण उरली. आपल्या मनाचं हे रूप बघून ससुलीला स्वतःचीच लाज वाटली. तिने त्याच दुपारी दोन नळांची सगळी योजना लिहून काढली आणि चष्मेवाल्याच्या हवाली केली. त्याने ती नव्या चिपमध्ये उतरवली.

चिप घडून यायला बरेच महिने गेले. त्या महिन्यांत जुन्या बोर्डावर संथ चाचणी लावायचं ससुलीने टाळलं. आई मात्र रोज विचारत राहिली.

नवी चिप आली तेव्हा खोली भरली होती. साहेब, चष्मेवाला, वरच्या मजल्यावरची दोन-चार मंडळी. पंखा लागणार नव्हता. चिप गारच राहणार, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. ससुलीने चाचणी सुरू केली.

ठक. ठक. ठक. ठक.

दोन्ही पाय सारखे. आणि नुसते सारखे नव्हेत, हलके. जिना चढताना तरुण माणूस पायऱ्यांकडे बघत नाही, तसे. ही चाल ससुलीला आठवत नव्हती. दादा पडला तेव्हा ती फार लहान होती. पाय अधू होण्याआधीचा दादा तिने जवळजवळ पाहिलाच नव्हता. पण पावलं डुगडुगत्या पायरीपाशी आली, आणि तिथे एक ठोका गळला. ती सवय तेवढी राहिली होती. पावलं वळणावर आली आणि या वेळी थांबली नाहीत. वळली, वर चढली, आणि शेवटचं कोअर उठलं तेव्हा अगदी तिच्या समोर आल्यासारखी उभी राहिली.

दारापलीकडे कुणी उभं असलं की जी शांतता असते, ती शांतता बोर्डातून येत होती.

"वा!" साहेब ओरडले. स्कोपवरची रेघ बुटक्या टेकड्यांसारखी सपाट झाली होती. शिखर निम्म्याहून खाली आलं होतं. टाळ्या पडल्या. कुणीतरी ससुलीच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा ती दचकली. चष्मेवाला टाळ्या वाजवत नव्हता. तो खोलीच्या दाराकडे बघत होता.

ससुलीने डोकं दुखतंय असं सांगितलं आणि भर दुपारी घर गाठलं.

फ्लॅटचं दार सताड उघडं होतं. आत आई नेहमीच्या जागी बसली होती. टीव्ही बंद. समोर छोट्या टेबलावर दोन पेले पाणी. एक भरलेला, एक रिकामा. आईचा चेहरा असा निवांत ससुलीने लहानपणानंतर पाहिला नव्हता.

"आई, दार उघडं का टाकलंस? कोण आलं होतं?"

"तू कामावर होतीस," आई म्हणाली. "किती वेळ थांबणार तो? पाणी प्यायला आणि गेला."

ससुली टेबलापाशी आली.

"पाय बरा झालाय गं त्याचा," आई म्हणाली. "काही बोलला नाही मेला. पण चालत आला ते मी पाहिलं ना. छान टाकत होता पाऊल."

ससुलीने रिकामा पेला उचलून पाहिला. आईनेच प्यायलं असेल. दार आईनेच उघडलं असेल. शेजारची बाई डोकावली असेल, लिफ्ट दुरुस्तीवाला आला असेल. तिने शेजारणीला विचारलं, खालच्या वॉचमनला विचारलं. कुणी आल्याचं कुणी सांगितलं नाही. आईला पुढे काही विचारायचं तिला धैर्य झालं नाही. त्या संध्याकाळपासून "चढला का वर?" हा प्रश्न बंद झाला. आई लवकर झोपायला लागली, पोटभर जेवायला लागली. हिवाळा सरता सरता एका पहाटे झोपेतच गेली. कण्हणं नाही, धडपड नाही. डॉक्टर म्हणाले, असं मरण भाग्याने येतं. ससुली रडली, पण त्या रडण्यात भीती नव्हती.

भीती नंतर आली. पुढची चिप आखायला घेतली, आणि साहेबांनी सहज सांगितलं, "मॅडम, हिच्यात कोअर आधीच्या दुप्पट."

ससुलीने मनात जिना मोजून पाहिला. पायऱ्या तर संपल्या होत्या. दारही गाठून झालं होतं. आता जी पावलं पडतील ती दाराच्या आतली असतील.

"साहेब, संथ चाचणीची आता गरज नाही," ती म्हणाली. "खऱ्या वेगाने लावू. सगळं कळतं त्यातून."

"असं कसं? ती तर तुमचीच चाचणी. तिच्यामुळेच तर शिखर खाली आलं."

बरीच ओढाताण झाली. शेवटी चष्मेवाला म्हणाला, "मी लावतो. मॅडम बाहेर थांबतील." त्याने ससुलीकडे पाहिलंही नाही, पण तिला त्याचे उपकार वाटले.

चिप आली त्या दिवशी तो एकटाच आत बसला. खोलीला काचेचं दार होतं. ससुली बाहेर व्हरांड्यात कॉफीचा कप घेऊन उभी राहिली. आवाज तिला येत नव्हता, येऊ नये म्हणून तिने कानात कापूस घातला होता. तिला दिसत तेवढं होतं. चष्मेवाला पडद्याकडे बघत होता, मधूनमधून काही टिपत होता. रेघ सपाट होती, अगदी मनासारखी. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग त्याने नजर पडद्यावरून न काढता हात मागे नेला, शेजारचं रिकामं स्टूल धरलं आणि जरासं बाजूला सरकवलं. कुणाला जायला वाट द्यावी तसं. आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून पुन्हा कामाला लागला.

चाचणी संपल्यावर तो बाहेर आला. ससुलीने कानातला कापूस काढला. "उत्तम झालं, मॅडम. शिखर अजून खाली आलंय."

"तू स्टूल का सरकवलंस?" ससुलीने विचारलं.

"कुठलं स्टूल?" तो म्हणाला, आणि कपाळावरचा चष्मा खिशात शोधू लागला.

ससुलीने हातातला कप त्याला दिला. कॉफी अजून गरम होती. तो पिऊन होईपर्यंत ती त्याच्याजवळ उभी राहिली, आणि मग दोघं मिळून, आत न जाता, बाहेरूनच खोलीचा वीजपुरवठा बंद करून आपापल्या घरी गेले.